उच्च न्यायालयातली रिकामी जागा कोणासाठी थांबते?

सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने, म्हणजे न्यायमूर्तींची नावे ठरवणाऱ्या सरन्यायाधीश व ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाने, रोजच्या बोलण्यातल्या कॉलेजियमने, २८ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदासाठी तीन वकिलांची नावे सुचवली. त्यांपैकी आरती साठे यांच्या नावावरून महाराष्ट्रात आठवडाभर गदारोळ झाला. साठे करविषयक कायद्याच्या वकील होत्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या प्रदेश भाजपच्या प्रवक्त्या झाल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी ते पद व पक्षाचे सदस्यत्व सोडले. त्यांच्या प्रवक्तेपदाचे पत्रक समाजमाध्यमावर टाकून आमदार रोहित पवार यांनी आक्षेप घेतला की, सत्ताधारी पक्षाची बाजू जाहीरपणे मांडणाऱ्या व्यक्तीला थेट न्यायासनावर बसवले, तर सामान्य माणसाने निःपक्ष न्यायाची अपेक्षा कोणाकडून करायची? भाजपचे उत्तर असे होते की, त्यांनी पक्ष सोडून दीड वर्ष झाले आहे आणि आता त्यांचा पक्षाशी काही संबंध नाही. ऑगस्टच्या मध्यापर्यंत केंद्र सरकारची अधिसूचना निघाली, पाठोपाठ शपथविधी झाला आणि विषय संपला.

विषय संपला तो वाहिन्यांपुरता. साठे न्यायमूर्तिपदासाठी पात्र आहेत की नाहीत, हा प्रश्न मला त्यात सर्वांत कमी महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २१७ मध्ये सरळ दिलेले आहे. भारताचे नागरिकत्व आणि उच्च न्यायालयात किमान दहा वर्षांची वकिली, किंवा तितकीच वर्षे न्यायिक पदावर काढलेली असली, की पात्रता पूर्ण होते. एखाद्या पक्षाचे सदस्यत्व, प्रवक्तेपद किंवा आमदारकी ही अपात्रता आहे असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. खरा प्रश्न असा आहे की, ज्या सरकारने हे नाव दोन-अडीच आठवड्यांत मंजूर केले, त्याच सरकारने याच उच्च न्यायालयासाठी सुचवलेले दुसरे एक नाव एकवीस महिने का अडवून ठेवले होते?

ते नाव सोमशेखर सुंदरेसन यांचे. कंपनी आणि रोखे बाजाराच्या कायद्यात मुंबईत त्यांचे नाव मोठे होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांची शिफारस केली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी तिला मान्यता दिली. सरकारने नऊ महिन्यांनी, २५ नोव्हेंबर २०२२ रोजी, ते नाव फेरविचारासाठी परत पाठवले. कारण असे दिले की, न्यायालयात प्रलंबित असलेल्या अनेक विषयांवर त्यांनी समाजमाध्यमांवर मते मांडली आहेत. न्यायवृंदाने १८ जानेवारी २०२३ रोजी तेच नाव पुन्हा पाठवले आणि या वेळी ठरावात सविस्तर कारणेही लिहिली. अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला मत मांडण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, माणूस सक्षम, गुणी आणि सचोटीचा असेल तर मत मांडल्यामुळे तो घटनात्मक पदाला अपात्र ठरत नाही, आणि या वकिलाचे कोणत्याही पक्षाशी तीव्र वैचारिक नाते आहे असे दाखवणारे काहीही समोर आलेले नाही, असा त्याचा आशय होता. प्रस्थापित नियमाप्रमाणे फेरशिफारस सरकारवर बंधनकारक असते. तरीही अधिसूचना निघायला २३ नोव्हेंबर २०२३ उजाडले.

जानेवारी २०२३ च्या त्याच आठवड्यात मद्रास उच्च न्यायालयाच्या बाबतीत जे घडले, ते याहून बोलके आहे. १७ जानेवारीला न्यायवृंदाने वकील जॉन सत्यन यांचे नाव दुसऱ्यांदा पाठवले. त्यांनी पंतप्रधानांवर टीका करणारा एक लेख समाजमाध्यमावर पुढे पाठवला होता, अशी नोंद गुप्तचर विभागाच्या अहवालात होती आणि अशाच नोंदींवर त्यांचे नाव अडले होते. त्याच दिवशी न्यायवृंदाने मद्राससाठी काही नवी नावेही सुचवली, त्यांत व्हिक्टोरिया गौरी यांचे नाव होते. गौरी भाजपच्या महिला मोर्चाच्या पदाधिकारी राहिलेल्या होत्या आणि मुस्लिम व ख्रिस्ती समाजांविषयी त्यांनी केलेल्या भाषणांवर मद्रासच्या वकिलांच्या एका गटाने लेखी आक्षेप घेतला होता. सत्यन यांची नियुक्ती या नव्या नावांच्या आधी व्हावी, असे न्यायवृंदाने ठरावात स्पष्ट लिहिले होते. गौरी यांची अधिसूचना वीस दिवसांत, ६ फेब्रुवारीला निघाली. सत्यन यांची निघालीच नाही.

एकाने दुसऱ्याचा लेख पुढे पाठवला, दुसरीने पक्षाचे पद सांभाळून भाषणे केली. या दोघांपैकी कोणाचा राजकीय कल अधिक ठळक आहे, हे सांगायला गुप्तचर विभाग लागत नाही. म्हणून ‘राजकीय पार्श्वभूमी’ हा शब्द या वादात ज्या गंभीरपणे वापरला जातो, त्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. ही पार्श्वभूमी कोणत्या बाजूची आहे, एवढेच पाहिले जाते.

गौरी यांच्याविरुद्धच्या याचिका ७ फेब्रुवारी २०२३ रोजी सकाळी सर्वोच्च न्यायालयात सुनावणीला आल्या, तेव्हा तिकडे चेन्नईत त्यांच्या शपथविधीची तयारी पूर्ण झालेली होती. इकडे युक्तिवाद चालू असतानाच तिकडे शपथ झाली. न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळल्या. पात्रता हा न्यायालयाने तपासण्याचा विषय आहे, योग्यता हा नाही. योग्यतेचा निर्णय न्यायवृंदाचा आणि न्यायवृंदाला यातले काही ठाऊकच नव्हते असे आम्ही गृहीत धरू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या सुनावणीत न्यायमूर्ती गवई यांनी स्वतःचे उदाहरण दिले. आपल्यालाही राजकीय पार्श्वभूमी आहे, वीस वर्षे आपण न्यायमूर्ती आहोत आणि ती पार्श्वभूमी आपल्या कामाच्या कधी आड आली नाही, असे ते म्हणाले. अमरावतीच्या गवई कुटुंबाची माहिती महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. त्यांचे वडील रा. सू. गवई हे रिपब्लिकन चळवळीचे मोठे नेते, विधान परिषदेचे सभापती, खासदार आणि पुढे राज्यपाल होते. साठे यांची शिफारस करणाऱ्या न्यायवृंदाचे प्रमुख, सरन्यायाधीश या नात्याने, हेच न्यायमूर्ती गवई होते.

त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही, कारण इतिहास बऱ्याच अंशी त्यांच्या बाजूने उभा आहे. व्ही. आर. कृष्ण अय्यर १९५७ मध्ये केरळात कम्युनिस्टांच्या पाठिंब्याने निवडून आले आणि ई. एम. एस. नंबूद्रिपाद यांच्या सरकारात मंत्री झाले. १९६८ मध्ये ते केरळ उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले आणि १९७३ मध्ये इंदिरा गांधींच्या काळात सर्वोच्च न्यायालयात आले. हा माणूस सरकारचा म्हणून आणला गेला, असे तेव्हा उघड बोलले जात होते. त्याच न्यायमूर्तींसमोर सुट्टीच्या काळात, २४ जून १९७५ रोजी, आपली निवडणूक रद्द ठरवणाऱ्या निकालाला स्थगिती मागणारा इंदिरा गांधींचा अर्ज आला, तेव्हा त्यांनी बिनशर्त स्थगिती नाकारून सशर्त स्थगिती दिली. लोकसभेत मतदान करता येणार नाही, ही अट त्यात होती. दुसऱ्या रात्री आणीबाणी लागू झाली. के. एस. हेगडे तर काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते आणि १९५७ मध्ये खासदारकी सोडून थेट म्हैसूर उच्च न्यायालयात गेले. आजच्या मापाने पाहिले, तर यावर केवढे वादळ उठले असते! पुढे हेच हेगडे सर्वोच्च न्यायालयात काँग्रेस सरकारला इतके गैरसोयीचे ठरले की, एप्रिल १९७३ मध्ये शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांची ज्येष्ठता डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि तिघांनीही राजीनामे दिले. गोव्यात १९७७ मध्ये जनता पक्षाचे आमदार म्हणून निवडून आलेले फर्दिनो रिबेलो १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या निकालांना पक्षाचा वास आला, असे मी तरी कधी ऐकले नाही.

या यादीला एक काळी कडाही आहे. बहरूल इस्लाम काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते, १९७२ मध्ये राजीनामा देऊन गुवाहाटी उच्च न्यायालयात गेले आणि तिथून १९८० मध्ये मुख्य न्यायमूर्ती म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर नऊ महिन्यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयात आणले गेले, जे त्याआधी कोणाच्या ऐकिवात नव्हते. डिसेंबर १९८२ मध्ये बिहारचे काँग्रेसचे मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रा यांच्यावरचा सहकारी बँकेचा खटला मागे घेण्यास ज्या बहुमताच्या निकालाने संमती मिळाली, त्यात ते होते आणि जानेवारी १९८३ मध्ये न्यायमूर्तिपद सोडून ते काँग्रेसचे लोकसभेचे उमेदवार झाले. अलीकडे, मार्च २०२४ मध्ये, कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभिजित गंगोपाध्याय यांनी राजीनामा देऊन दोनच दिवसांत भाजपमध्ये प्रवेश केला आणि तामलुकमधून ते खासदारही झाले. त्यांना न्यायमूर्ती होण्यापूर्वीचा पक्ष चिकटलेला नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. म्हणजे नियुक्तीच्या वेळचा कोरा कागदही कसली हमी देत नाही.

तेव्हा जुन्या पक्षावरून पुढचा न्यायमूर्ती ओळखता येत नाही, हे मी मान्य करतो. पण त्यातून जो निष्कर्ष काढला जातो, की मग याविषयी बोलायचेच कारण नाही, तो मला मान्य नाही. सुंदरेसन आणि सत्यन यांच्या बाबतीत राज्यकर्त्यांनी नेमका उलटा निष्कर्ष काढला होता: जुन्या मतावरून पुढचा न्यायमूर्ती ओळखता येतो, म्हणून त्याला आत येऊ देऊ नका. एका दालनात हा नियम आणि शेजारच्या दालनात तो नियम चालणार असेल, तर लोक त्याला पक्षपात म्हणणारच.

हा पक्षपात कागदावर कुठेही दिसत नाही, यातच त्याची सोय आहे. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या सल्ल्याने नावे ठरवतात आणि जागा रिकामी होण्याच्या सहा महिने आधी हे काम सुरू व्हावे अशी अपेक्षा असते. नावे मुख्यमंत्री आणि राज्यपाल यांच्याकडे जातात, राज्याला सहा आठवडे दिलेले असतात, तिथून कायदा मंत्रालयाकडे, गुप्तचर विभागाचा अहवाल जोडून सरन्यायाधीशांकडे, न्यायवृंदाच्या संमतीनंतर पुन्हा मंत्रालयाकडे आणि शेवटी राष्ट्रपतींच्या सहीसाठी. यात नाव नाकारण्याचा अधिकार सरकारला नाही, एकदा परत पाठवण्याचा आहे. परंतु नाव नुसते टेबलावर ठेवण्याला कोणी अधिकार म्हणत नाही, त्यामुळे त्याला आव्हानही देता येत नाही. नकार द्यायचा तर कारण लिहावे लागते. थांबायला कारण लागत नाही. वर्षभर थांबलेला वकील दरम्यान नवी मोठी प्रकरणे घेऊ शकत नाही, त्याचे अशील बावरतात आणि अनेकदा तोच आपली संमती मागे घेतो. मग सरकारने कोणाला अडवले, असे म्हणायलाही जागा उरत नाही.

याच्या जोडीला ज्येष्ठतेचा खेळ असतो. एकाच यादीतली दोन नावे आज आणि तिसरे सहा महिन्यांनी अधिसूचित झाले, की तिसरा कायमचा कनिष्ठ होतो. उच्च न्यायालयात ज्येष्ठता शपथेच्या तारखेवर ठरते, आणि त्या क्रमावर पंधरा वर्षांनी न्यायवृंदात कोण बसेल, हंगामी मुख्य न्यायमूर्ती कोण होईल आणि दिल्लीला कोणाचे नाव जाईल, हे अवलंबून असते. मार्च २०२३ मध्ये सत्यन यांच्या प्रकरणावर लिहिताना न्यायवृंदाने ही गंभीर चिंतेची बाब असल्याचे नोंदवले होते. न्यायमूर्ती अकिल कुरेशी यांचे प्रकरण मुंबईकर वकिलांना चांगलेच आठवत असेल. २०१० मध्ये गुजरात उच्च न्यायालयात असताना त्यांनी अमित शहा यांना सीबीआयच्या कोठडीत पाठवले होते. २०१८ मध्ये ते तिथे हंगामी मुख्य न्यायमूर्ती होण्याच्या बेतात असताना त्यांची मुंबईला बदली झाली आणि इथे ते ज्येष्ठताक्रमात पाचवे ठरले. मे २०१९ मध्ये न्यायवृंदाने त्यांना मध्य प्रदेशचे मुख्य न्यायमूर्ती करण्याची शिफारस केली. सरकारने ती रोखून धरली आणि शेवटी न्यायवृंदानेच शिफारस बदलून त्यांना त्रिपुराला पाठवले. मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय आणि त्रिपुराचे मूठभर न्यायमूर्तींचे उच्च न्यायालय यांतले अंतर वेगळे सांगायला नको. पुढे राजस्थानचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून मार्च २०२२ मध्ये ते निवृत्त झाले. आपल्या न्यायालयीन निर्णयांमुळे सरकारचे आपल्याविषयी प्रतिकूल मत झाले असेल, तर ते आपण स्वातंत्र्याचे प्रमाणपत्र समजतो, असे ते निरोपाच्या भाषणात म्हणाले.

हे सगळे २०१४ नंतरच सुरू झाले, असे म्हणणाऱ्यांची स्मरणशक्ती सोयीची आहे. आणीबाणीत सोळा न्यायमूर्तींच्या बदल्या त्यांना न विचारता झाल्या. मुंबई उच्च न्यायालयातले अतिरिक्त न्यायमूर्ती, सोलापूरचे उमेश लळित यांना त्याच काळात कायम केले गेले नाही आणि त्याचा संबंध त्यांनी दिलेल्या जामिनाशी जोडला जातो. त्यांचे चिरंजीव उदय लळित २०२२ मध्ये सरन्यायाधीश झाले, तेव्हा ही जुनी गोष्ट पुन्हा निघाली होती. मार्च १९८१ मध्ये तेव्हाचे कायदामंत्री शिवशंकर यांनी मुख्यमंत्र्यांना परिपत्रक पाठवले की, अतिरिक्त न्यायमूर्तींकडून परराज्यात जाण्याची संमती आधीच घेऊन ठेवा. दोन वर्षांच्या मुदतीवर बसलेल्या न्यायमूर्तीला त्याचा अर्थ काय कळायचा तो कळला. नेमणुकीची दोरी मंत्रालयाकडून काढून न्यायमूर्तींच्या हातात देणारा १९९३ चा निकाल या सगळ्या अनुभवातून आला. भाजपच्या काळात आलेला, न्यायमूर्तींच्या नियुक्तीत सरकारलाही स्थान देणारा राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाचा कायदा काँग्रेससह जवळजवळ सगळ्या पक्षांनी मिळून संमत केला होता. नियुक्तीत आपला हात हवा, याबाबत तरी सर्वपक्षीय एकमत होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये घटनापीठाने तो चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. न्यायमूर्ती चेलमेश्वर एकटे विरोधात राहिले आणि न्यायवृंदाचा कारभार बाहेरच्या कोणालाही दिसत नाही, ही त्यांची तक्रार आजही खोटी ठरलेली नाही.

म्हणून साठे यांच्या प्रकरणात माझी तक्रार सरकारपेक्षा न्यायवृंदाकडे अधिक आहे. सुंदरेसन यांच्यासाठी ठरावात परिच्छेदच्या परिच्छेद लिहिणाऱ्या या संस्थेने साठे यांच्यासाठी एक परिच्छेद का लिहू नये? उमेदवार अमुक काळ अमुक पक्षाच्या प्रवक्त्या होत्या, ही बाब आमच्यासमोर होती, त्यांच्या वकिलीचा आणि सचोटीचा आम्ही असा विचार केला आणि म्हणून हे नाव पाठवत आहोत, एवढे लिहिले असते तर रोहित पवारांना पत्रक शोधून काढावे लागले नसते आणि खुद्द साठे यांना आपल्या पहिल्या दिवसापासून एक शिक्का घेऊन बसावे लागले नसते. प्रवक्तेपद आणि आमदाराच्या घरी जन्म, यांत फरक आहे. प्रवक्ता म्हणजे पक्ष जे करील त्याचे समर्थन करण्याची जबाबदारी पत्करलेला माणूस. असे पद सोडल्यानंतर निदान तीन वर्षे न्यायासनासाठी विचार होऊ नये, आणि न्यायासन सोडल्यानंतर तितकीच वर्षे पक्षाची उमेदवारी घेता येऊ नये, असा नियम केला तर कृष्ण अय्यर आणि रिबेलो त्यातून सहज पार झाले असते. हेगडे अडले असते, हे कबूल. सगळ्या चांगल्या माणसांना सामावून घेणारा नियम अजून कोणाला सापडलेला नाही.

या सगळ्या ओढाताणीचे मोल पक्षकार मोजतो. देशातल्या २५ उच्च न्यायालयांत न्यायमूर्तींच्या ११२२ जागा मंजूर आहेत आणि त्यांतल्या शेकडो जागा वर्षानुवर्षे रिकाम्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या मंजूर जागा ९४. त्यांतून मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा सांभाळायचे, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंचही. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी त्यासाठी कित्येक वर्षे आंदोलने केली. पण नवे बेंच म्हणजे नव्या जागा नव्हेत. तिथे बसणारे न्यायमूर्ती त्याच ९४ मधून जातात. एखाद्या दालनाबाहेर लावलेला दिवसाचा बोर्ड पाहावा. सकाळी तातडीचे उल्लेख, मग जामीन, मग नवी दाखल झालेली प्रकरणे आणि अगदी तळाशी अंतिम सुनावणीची जुनी अपिले. संध्याकाळी न्यायमूर्ती उठतात तेव्हा त्या तळापर्यंत पुकारा पोचलेला नसतो आणि वकील पक्षकाराला फोनवर सांगतो की, आपला नंबर लागला नाही, पुढची तारीख कळवतो. रिकाम्या जागेचे राजकारण सातारा-सिंधुदुर्गातल्या माणसापर्यंत पोचते ते या स्वरूपात.

मुदतीचा प्रश्न सुटलेला नाही असेही नाही. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीएलआर प्रोजेक्ट्स खटल्यात वेळापत्रकच घालून दिले होते: गुप्तचर विभागाने चार ते सहा आठवड्यांत अहवाल द्यावा आणि न्यायवृंदाने एकमताने फेरशिफारस केली तर तीन ते चार आठवड्यांत नियुक्ती व्हावी. हे वेळापत्रक पाळले जात नाही, अशी अवमान याचिका बंगळुरूच्या वकील संघटनेने केली आणि ती न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्यापुढे चालू लागली. सरकार निवडक नावे उचलते आणि बाकीची सोडून देते, हे त्यांनी सुनावणीत वारंवार सुनावले आणि सुनावणीच्या तारखा जवळ आल्या की अधिसूचना निघतात, हेही सगळ्यांना दिसू लागले. सुंदरेसन यांची अधिसूचना त्याच दिवसांतली. ५ डिसेंबर २०२३ रोजी हे प्रकरण पुन्हा सुनावणीला येणार होते, पण त्या दिवशीच्या बोर्डावर ते नव्हते. विचारणा झाली तेव्हा, आपण ते काढलेले नाही, काही गोष्टी न बोललेल्याच बऱ्या, असे न्यायमूर्ती कौल म्हणाले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला ते निवृत्त झाले.